लोळलेल्या पिकावरची वुडपिजन आणि बंदूक : तुमचं मत काय?

बार्शीची_लेक | रवि, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडात लिंकनशायरच्या एका खेड्यात राहतो, मागच्या कुंपणापलीकडे थेट शेत आहे. बार्ली पिकून पिवळी झालीय, आठ-दहा दिवसांत कंबाइन (कापणी-मळणीचं यंत्र) फिरेल असं शेतकरी म्हणतोय. मधे वादळी पाऊस झाला आणि शेतातले मोठे मोठे पट्टे आडवे झाले, आणि तेव्हापासून त्या लोळलेल्या पट्ट्यांवर कबुतरांचे थवे उतरतायत. आपले चौकातले पारवे नाहीत हे, चांगली मोठी, मानेवर पांढरा डाग असलेली वुडपिजन.

काल सकाळपासून एक माणूस बांधाला जाळीचा आडोसा करून बंदूक घेऊन आत लपून बसलाय आणि दिवसभर ठो ठो चालू. शेतकरी आजोबा ओळखीचे आहेत, अंडी त्यांच्याकडूनच घेतो आम्ही. त्यांना विचारलं तर म्हणाले, मीच बोलावलंय त्याला, हवं तर तूही ये एक दिवस, जाळीत बसून बघ काय चालतं ते.

मी शेतकऱ्याच्या घरातली आहे. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवलीय. पण आम्ही पाखरं हाकलायचो, मारायचो नाही. म्हणून मनापासून विचारतेय: नुकसान खरंच एवढं असतं का, की जीव घ्यावा लागावा? की हौस आधी आणि पीक हे निमित्त? कुणी जवळून पाहिलंय का हे?

---

नॉरफोकचा_नाना

ताई, मी नॉरफोकला असतो आणि उन्हाळ्यात हेच करतो, त्यामुळे मला लिहायलाच हवं.

आधी नुकसानाबद्दल. नीट उभ्या पिकात वुडपिजनला उतरताच येत नाही. अर्ध्या किलोचं पाखरू, त्याचा भार कणसाची काडी पेलत नाही. त्यामुळे उभा गहू, उभी बार्ली बरीचशी सुरक्षित असते, फवारणीच्या चाकांच्या पट्ट्यांलगत थोडं खातात तेवढंच. खरी गोष्ट सुरू होते पीक लोळल्यावर. दहा फुटांचा तुकडा जरी आडवा झाला तरी त्यांना उतरायला जागा मिळते. मग चालत चालत कडेची ताटं पाडतात, पंखांनी झोडपतात, आणि तुकडा रोज रुंद होत जातो. एका ठिकाणी पाचपंचवीस बसली की वरून जाणारी त्यांना बघून खाली येतात. जेवढं खातात त्याच्याहून जास्त तुडवतात आणि त्यांच्या विष्ठेनं घाण करतात, आणि तो चिकटलेला थर कंबाइनला उचलता येत नाही.

आता हौसेबद्दल. हो, मला आवडतं. आवडत नसतं तर जुलैच्या उन्हात जाळीत कोण बसेल? पण मी जातो तो शेतकऱ्याचा फोन आला की, आणि जिथे खाताहेत तिथेच जातो. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात.

---

पक्षीवेडी_पुणे

नाना, तुम्ही मोकळेपणी लिहिलंत हे आवडलं, पण माझा आक्षेप वेगळाच आहे. जुलै-ऑगस्ट-सप्टेंबर हा वुडपिजनच्या विणीचा भर असतो. घरट्यात दोन पिल्लं, आणि आई-बाप दोघंही त्यांना गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं द्रव्य भरवतात. म्हणजे तुमच्या शेतावर पडलेलं प्रत्येक मोठं पाखरू कुणाचा तरी आई किंवा बाप असण्याची शक्यता भरपूर. मागे राहिलेल्या पिल्लांचं काय होतं हे जाळीतून दिसत नाही. मला हे सहन होत नाही, सरळ सांगते.

---

कोरडवाहू

ताई मंगळवेढ्याहून लिहितोय. आमच्याकडं मालदांडी ज्वारी निसवली की भोरड्या येत्यात, हजारांनी, आभाळ काळं होतं. पण मारायचा विचार नाही केला कधी. एक तर वन्यजीव संरक्षणाचा कायदा हाय, १९७२ चा, आणि दुसरं म्हणजे हीच भोरडी टोळ आणि नाकतोडे खाती. गोफण, डबा, आणि आता चमकणारी फीत. पूर्वी क्यासेटमधली टेप काढून दोन काठ्यांना ताणून बांधायचो, वारा लागला की गूं गूं आवाज करायची, लई भारी चालायची.

---

हुरडाप्रेमी

क्यासेटची टेप!! आमच्या आजोबांनी भावाच्या गाण्यांच्या सगळ्या क्यासेटी शेतात लावल्या होत्या, भाऊ अजून विसरला नाहीये 😄

---

नॉरफोकचा_नाना

@पक्षीवेडी, पिल्लांचा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. एवढंच सांगतो की हा योगायोग नाहीये. त्यांची वीण उशिरा भरात येते तीच मुळी धान्य पिकतं म्हणून. पिल्लांना दाणा मिळतो तेव्हाच ती मोठी होतात. म्हणजे शेतकऱ्याचं नुकसान आणि त्यांचा विणीचा हंगाम एकाच वेळी येणार, दर वर्षी. हंगाम टाळून पीक वाचवता येत नाही.

@कोरडवाहू दादा, इथे पण हाकलायचं सगळं करून झालेलं असतं. गॅसवर चालणारी तोफ असते, दर थोड्या वेळानं आपोआप बार काढते. ससाण्याच्या आकाराचे पतंग असतात. दोन-तीन दिवस बिचकतात, मग त्याच तोफेच्या शेजारी बसून दाणे टिपतात. माणूस हलता राहिला तर जातात, पण शंभर एकरावर राखण करायला इथे माणूस कुठून आणायचा? शेतकरी आणि त्याचा मुलगा, दोघंच असतात हो.

---

जाई_जर्मनी

पक्षीवेडीच्या मुद्द्यावरून सांगते. जर्मनीत केंद्रीय नियमानुसार वुडपिजनच्या शिकारीचा हंगाम १ नोव्हेंबर ते २० फेब्रुवारी एवढाच आहे, म्हणजे विणीचा काळ सरळ बाहेर ठेवलाय. पिकाचं नुकसान होत असेल तर काही राज्यं सवलत देतात, पण मूळ नियम हा. शिवाय शिकारीचा परवाना मिळवायला इथे चांगली जड परीक्षा असते, पक्षी ओळखता आले नाहीत तर नापास. इंग्लंडात बंद हंगामच नाही असं ऐकलं, खरंय का?

---

वकीलसाहेब_लेस्टर

जाईताई, खरं आहे पण अर्धं. इंग्लंडात १९८१ च्या वन्यजीव कायद्याने सगळेच रानपक्षी संरक्षित आहेत, वुडपिजनसुद्धा. मारता येतं ते 'जनरल लायसन्स'खाली. त्यासाठी वेगळा अर्ज नसतो, पण अटी पाळणं बंधनकारक असतं. पिकांसाठीचं सध्याचं लायसन्स म्हणजे जीएल४२. त्याचा हेतू एकच, पिकांचं किंवा गुरांच्या चाऱ्याचं वगैरे गंभीर नुकसान रोखणं. मौज हा हेतू त्यात बसत नाही. न मारता करायचे उपाय करून बघितलेले असावेत ही अपेक्षाही त्यात आहे. स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड यांची लायसन्सं वेगळी.

२०१९ मध्ये यावरून मोठं रण पेटलं होतं. क्रिस पॅकम, मार्क एव्हरी आणि रूथ टिंगे यांच्या 'वाइल्ड जस्टिस' संस्थेनं कायदेशीर आव्हान दिलं आणि नॅचरल इंग्लंडने (ही लायसन्सं काढणारी सरकारी संस्था) तेव्हाची तीन जनरल लायसन्सं २५ एप्रिलपासून रद्द केली. शेतकऱ्यांना जेमतेम दीड दिवसाची पूर्वसूचना. वसंतातल्या पेरण्या चालू असताना हे झालं, त्यामुळे गावोगाव संताप. मग घाईघाईनं वुडपिजनसाठी वेगळं लायसन्स काढावं लागलं आणि पुढे विषय सरकारी खात्यानं स्वतःकडे घेतला. माझं मत: आव्हान योग्य होतं, अंमलबजावणी वाईट झाली.

ताई, तुम्ही जाळीत नुसतं बसून बघणार असाल तर कुठलाच परवाना लागत नाही, शेतमालकाची परवानगी पुरे. बंदुकीला मात्र हात लावू नका, त्याला पोलिसांचं शॉटगन सर्टिफिकेट लागतं, पाच वर्षांचं असतं, घरी येऊन बंदुकीचं कुलूपबंद कपाट बघून जातात.

---

सिंधुदुर्गचा_शेखर

आमच्याकडे कोकणात ठासणीच्या बंदुका असतात की, पीक संरक्षणाच्या लायसन्सवर. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायच्या आणि निकालानंतर परत आणायच्या. आजोबांची अजून आहे. पण ती डुकराला आणि माकडाला घाबरवायला बार काढण्यापुरती, मारायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. कबुतरावर दारू कोण खर्च करणार.

---

खवय्या_दादर

सगळे पीक पीक करताहेत, मारलेल्या कबुतरांचं पुढे काय होतं ते कुणी सांगेल का 🙏

---

नॉरफोकचा_नाना

खवय्या, टाकत नाही. इथे वुडपिजन वर्षभर विकता येतं, खाटकाकडे नुसत्या छातीचे तुकडे मिळतात. मांस गडद, चरबी जवळजवळ नाही, त्यामुळे जास्त शिजवलं की चामडं. आमच्या घरी आलं, मिरी, थोडा लिंबू लावून ठेवतो आणि कडकडीत तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिट-दीड मिनिट. रस्साच हवा असेल तर अख्खं पाखरू मंद आचेवर दीड-दोन तास, वाटणात. उन्हाळ्यात काळजी एवढीच की पाखरू पडल्यावर सावलीत, हवेशीर टांगायचं, ढीग करायचा नाही. माश्या अर्ध्या तासात बसतात.

---

पक्षीवेडी_पुणे

आणि छर्रे? शिसं असतं ना त्यात? ब्रिटनच्या अन्न खात्यानंच लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी शिशाच्या छऱ्यांनी मारलेलं मांस कमीत कमी खावं असं सांगितलंय.

---

नॉरफोकचा_नाना

बरोबर. शिशाची काडतुसं बंद करायचं सरकारनं २०२५ मध्ये जाहीर केलंय, काही वर्षांची मुदत दिलीय. मी आधीच पोलादी छऱ्यांवर आलोय. अंतर थोडं कमी ठेवावं लागतं, तीस यार्डांच्या आत, आणि ते बरंच आहे, कारण लांबून मारून पाखरू जखमी करून सोडण्यासारखं वाईट काही नाही.

---

ॲग्रो_सुमीत

मी पीकशास्त्राचा माणूस, राहुरीला शिकलो, आता केंब्रिजजवळ सल्लागार म्हणून काम करतो. इथे सगळे कबुतराबद्दल बोलताहेत, मला पिकाबद्दल बोलू द्या.

पीक लोळतं का? नत्र जास्त पडलं, रोप दाट झालं, काडी उंच आणि कमकुवत राहिली, वरून कणसात पाणी भरलं आणि वारा आला. म्हणून इथे काडी आखूड ठेवणारी संजीवकं फवारतात आणि न लोळणारे वाण निवडतात. खतपेटीच्या पाळ्या एकमेकींवर चढतात तिथे आणि शेताच्या कडांना वळताना दुप्पट खत पडतं, तिथेच पीक पहिलं लोळतं. तुम्ही शेतात बघा ताई, लोळलेले पट्टे सरळ रेषेत असतील तर कारण वाऱ्यात कमी आणि खतात जास्त आहे.

आणि अजून एक. बंदुकीनं वुडपिजनची संख्या कमी होते हा समज सोडून द्यायला हवा. पन्नाशी-साठीच्या दशकांत आर. के. मर्टन यांनी केंब्रिजशायरमध्येच या पक्ष्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. तेव्हा सरकार हिवाळ्यात कबुतरं मारायला काडतुसांवर सवलत देत होतं. त्यांना दिसलं ते असं की हिवाळ्यात किती पाखरं जगणार हे क्लोव्हरच्या (एक चाऱ्याचं पीक) पाल्यावर ठरतं, बंदुकीवर नाही. मारली तर उरलेल्यांना जास्त खायला मिळतं आणि वसंतापर्यंत आकडा तिथेच येतो. पुढे ती सवलतही गेली. मग सत्तरच्या दशकापासून मोहरीवर्गातलं ते पिवळ्या फुलांचं तेलबियाचं पीक, रेप, वाढलं आणि त्याच्या हिवाळी पानांवर ही मंडळी पोसली गेली. आज ब्रिटनमध्ये पन्नास लाखांच्या आसपास जोड्या आहेत. लिंकनशायरात मारलेल्या पाखरांनी त्यात काही फरक पडत नाही.

---

कोरडवाहू

सुमीतराव मग मारून उपयोग काय?

---

ॲग्रो_सुमीत

उपयोग जागेपुरता आणि वेळेपुरता. त्या शेतावरून त्या आठवड्यात थवा उठवायचा, बस. दहा दिवस काढले की कंबाइन येतं. राखणीची गोफण जे करते तेच, फक्त माणसं नाहीत म्हणून बंदूक.

दादा, बाजरीत केसाळ कणसांचे वाण असतात ना, पाखरांना टोचतात म्हणून कमी खातात, तसा पर्याय बार्लीत पण निसर्गानं दिलाय, कुसळं असतात. पण लोळलेल्या बार्लीत ही वरून उतरून जमिनीवरचं खातात, तिथे कुसळ फारसं आड येत नाही.

---

घाटवाट

अवांतर: वुडपिजन म्हटल्यावर मला आपलं सह्याद्रीतलं निलगिरी वुडपिजन आठवलं, मानेवर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी. महाबळेश्वरच्या जंगलात पाहिलंय. त्याचं शास्त्रीय नाव कोलंबा एल्फिन्स्टोनी, मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्यावरून, आणि वर्णन केलं कर्नल साइक्सनी. जंगलातली फळं खातं, शेताकडे फिरकत नाही, आणि जगभरात फक्त पश्चिम घाटात आहे, संकटग्रस्तांच्या यादीत.

---

हुरडाप्रेमी

आपला राज्यपक्षी पण कबुतरच ना? हरियाल. तो खातो का ज्वारी?

---

पक्षीवेडी_पुणे

नाही, हरियाल वड-पिंपळ-उंबराच्या फळांवर जगतो. ज्वारीत उतरतात ते होले आणि पारवे.

घाटवाट, छान आठवण दिलीत. आणि यावरूनच एक गंभीर प्रश्न नानांना. इंग्लंडात वुडपिजनबरोबर स्टॉक डव्हही त्याच शेतात उतरतो ना? तो तर या लायसन्सखाली मारता येत नाही. टर्टल डव्हची अवस्था तर फारच वाईट आहे. उडत्या पाखरात फरक कळतो?

---

नॉरफोकचा_नाना

कळायलाच हवा, नाहीतर बंदूक उचलू नये. वुडपिजनच्या पंखावर पांढरा आडवा पट्टा असतो, उडताना लांबून चमकतो, आणि मोठ्या पाखराच्या मानेवर पांढरा डाग. स्टॉक डव्ह लहान, निळसर करडा, पांढरं काहीच नाही, पंखांची फडफड जलद. त्या वर्षीच्या वुडपिजन पिल्लांना मानेवरचा डाग नसतो, म्हणून मान न बघता पंखाचा पट्टा बघायचा. टर्टल डव्ह मी शेतावर पाहिलेला नाही कित्येक वर्षांत. पट्टा दिसला नाही तर बंदूक खाली, हा माझा नियम.

---

बार्शीची_लेक | शुक्र, रात्री १०.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शेवटी जाऊन बसले. लिहितेच सविस्तर.

सुमीत, तुमचं वाक्य डोक्यात ठेवून आधी शेताच्या कडेनं चालत गेले. लोळलेले पट्टे खरंच बरेचसे सरळ रेषेत आहेत. आजोबांना सांगितलं तर ते गप्प उभे राहिले आणि म्हणाले खत टाकणारं यंत्र दुसऱ्याचं होतं, या वर्षी पाळ्या चुकल्या असणार. पुढच्या वर्षी वाण बदलायचा विचार आधीपासून आहे म्हणाले.

जाळीतला माणूस निवृत्त पोस्टमन आहे. आदल्या दिवशी दुर्बीण घेऊन नुसता बसून होता, कुठून येतात बघत. त्याचं म्हणणं कबुतरांच्या हवेतल्या वाटा ठरलेल्या असतात, झाडांच्या रांगेवरून येतात, आणि त्या वाटेखाली बसलं नाही तर दिवस वाया. समोर प्लास्टिकची कबुतरं घोड्याच्या नालासारखी मांडलेली, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे, आणि मधे उतरायला मोकळी जागा. एक फिरणारं यंत्र, त्याच्या दोन दांड्यांना दोन पाखरं, लांबून उतरताहेत असं वाटतं. पहिलं पडलं तेव्हा मी डोळे मिटले हे खरं आहे. नंतर त्यानं एक उघडून गळ्यातली पिशवी दाखवली, बार्लीचे दाणे गच्च भरलेले, अख्खे. आमच्या खळ्यावरचे पसाभर दाणे होतील एवढे. तेव्हा आजोबांचा राग मला कळला.

पण पक्षीवेडी, त्यातल्या एका पाखराच्या पिशवीत दाण्यांबरोबर तो पांढरट दह्यासारखा थर पण होता. मला तो काय आहे ते तुमच्यामुळे माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. तो काही बोलला नाही, मीही नाही. ते मनातून जात नाहीये.

आता वकीलसाहेबांना प्रश्न. पोस्टमन म्हणाला कंबाइन फिरून गेल्यावर खरा मौसम, सांडलेल्या दाण्यांवर आणखी जास्त येतात, तेव्हा ये. मला कळेना, पीक तर घरात गेलं, मग तिथे कुठलं नुकसान रोखतोय?

---

वकीलसाहेब_लेस्टर

ताई, नेमका प्रश्न विचारलात, यावर इथल्या शिकारी लोकांतच वाद होतात. लायसन्सचा हेतू नुकसान रोखणं. शेजारच्या शेतात गहू अजून उभा किंवा लोळलेला असेल, आणि हीच पाखरं तिथे जाताहेत असं दाखवता आलं, तर युक्तिवाद उभा राहतो. आसपास धोक्यात असलेलं पीकच नसेल, तर मोकळ्या कापलेल्या रानात बसून मारणं माझ्या मते लायसन्सच्या बाहेर जातं. लेखी उत्तर देण्याची वेळ आली तर "मौसम चांगला होता" हे उत्तर चालणार नाही.

---

नॉरफोकचा_नाना

मी कापलेल्या रानावर पूर्वी बसायचो, सगळेच बसायचे. आता शेजारी गहू असेल तरच. सांडलेला दाणा तसाही नांगरटीत जाणार, पाखरांनी खाल्ला तर कुणाचं काय जातं. उलट ती तिथे पोट भरत असतील तर उभ्या गव्हाकडे कमी जातात.

---

ॲग्रो_सुमीत

शेवटच्या वाक्याला जोरदार अनुमोदन. गहू ऑगस्टात निघतो, बार्ली जुलैत. मधल्या काळात बार्लीचं कापलेलं रान लगेच न नांगरता ठेवलं तर थवा तिकडे वळतो. आजोबांना जमत असेल तर सुचवून बघा, फुकटचा उपाय आहे.

---

पक्षीवेडी_पुणे

माझं मत बदललेलं नाही, मला हे मान्य होणार नाही. पण लोळलेला पट्टा, कंबाइन येईपर्यंतचे दिवस, आणि मारलेलं सगळं खाल्लं जाणं, एवढ्या मर्यादेत जो ते करतो आणि जो कापलेल्या रानावर दिवसभर बार काढतो, त्यांच्यात मी फरक करते. ताई, तुम्ही त्या पाखराबद्दल लिहिलंत त्याबद्दल आभार.

---

कोरडवाहू

ताई आजोबांच्या गव्हाला चमकणारी फीत लावून बघा की. लोळलेल्या तुकड्याभोवतीच लावायची, सगळ्या रानाला नको. आणि चार दिवसांनी जागा बदलायची, नायतर पाखरू वळखतं.

---

बार्शीची_लेक

दादा, आज विचारलं. आजोबा हो म्हणाले, फीत घेऊन येतात. गव्हातला एकच तुकडा लोळलाय, घराच्या बाजूचा, तिथे मी आणि मुलगी मिळून लावणार. बार्लीचं रान महिनाभर तसंच ठेवायलाही तयार आहेत, मजूर लागत नाही म्हणून खूश.

आणि माझ्या मूळ प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर: बार्लीवर त्यानं मारलं ते मला पटलं, कापलेल्या रानावर मी जाणार नाही आणि तसं पोस्टमनकाकांना सांगितलंय. त्यांनी छातीचे तुकडे दिलेत, नाना, तव्यावर करते उद्या.

अजून एक, त्यांची कुत्री पाखरं आणायला बार्लीत शिरते, काल संध्याकाळपासून सारखी डोकं झटकतेय. कुसळ असेल का?

---

नॉरफोकचा_नाना

हो, कानात कुसळ गेलेलं असणार. उलट बाजूला येत नाही, आतच सरकतं. आज रात्रीच फोन करून सांगा त्यांना, सकाळची वाट बघू नका, चिमट्यानं स्वतः काढायला जाऊ नका, डॉक्टरकडे न्या. पंजांच्या बेचक्यातही बघायला सांगा.